गाडी नावावर झाली म्हणजे मालक झालो का?

(लोह्यात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. जसं बोललो तसं लिहून काढलंय.)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. वाचीन, पण नंतर. आधी एक हिशोब वाचतो. कारण समोर बसलेल्या निम्म्या पोरांच्या खिशात हेवी लायसन आहे, उरलेली पोरं ते काढायच्या नादात आहेत, आणि मघापासून चहा पिताना जो तो एकच बोलायलाय : दुसऱ्याची गाडी किती दिवस हाणायची? आता स्वतःची घ्यायची.

मी तुमच्यातलाच. लोहा तालुक्यातला. मॅट्रिक झालो, पुढं शिकणं झालं नाही. मुंबईत इंदिरा डॉकात ठेकेदाराकडं कामाला आहे. पोलादाच्या कॉइली ट्रेलरवर चढवतो. मी गाडी चालवत नाही, गाडी भरतो. पण गाडी भरणाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते. येलो गेटापासून आत किती गाड्या उभ्या आहेत आणि किती वेळ उभ्या आहेत, ते. आज मी त्या उभ्या गाड्यांबद्दल बोलणार आहे.

माझा चुलतभाऊ नऊ वर्षं कंपनीची दहाचाकी चालवतो. इकडून सोयापेंड भरतो, मुंबईकडं नेतो, तिकडून मिळेल ते घेऊन येतो. त्याला गाडी घ्यायचीय. त्यासाठी बायकोचे दागिने आणि वाट्याची दीड एकर जमीन मोडायचा विचार आहे. मला म्हणाला, ‘तू लिव्हणारा हाईस, सांग, घेऊ का नको?’ मी म्हणालो, कवितेतून उत्तर निघायचं नाही, वही आण. त्या वहीतलंच तुम्हाला सांगायलोय.

आधी एक गोष्ट साफ करतो. शहरातले आपले काही शिकलेले दोस्त ही गोष्ट ऐकून हसतात. म्हणतात, ड्रायव्हरला मालक व्हायचंय, पेटी बुर्झ्वा स्वप्न आहे. मी म्हणतो, हसू नका. ज्याच्या आज्याला गावात विहिरीवर चढू दिलं नाही, ज्याच्या बापानं ऊसतोडीला मुकादमाची उचल घेऊन अख्खा हिवाळा फडात काढला, त्याला एक दिवस आपलं चाक, आपलं इंजिन, आपलं स्टिअरिंग पाहिजे वाटलं तर त्यात चूक काय? जमीन आपल्याला मिळाली नाही. ट्रक म्हणजे हलणारी जमीन, असं आपल्या पोरांना वाटतं. स्वप्न खरं आहे. फक्त ते कोण विकायलाय आणि किती भावानं, एवढं बघायला पाहिजे.

आता ड्रायव्हरची गत काय, ती तुम्हाला ठाऊक आहे. पगार आणि भत्ता. भत्त्यात जेवण, टायरवाल्याचा चहा, नाक्यावरची दक्षिणा. १९६१ चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला, त्यात दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस लिहिले. पण लिहिले कुणासाठी? पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यासाठी. ज्याच्याकडं दोन गाड्या आणि तीन माणसं, त्याला तो कायदा शिवलाच नाही. आणि आपल्या देशातल्या बहुतेक गाड्या अशाच लहान मालकांच्या. म्हणजे कायदा पुस्तकात आणि ड्रायव्हर घाटात.

तरी ड्रायव्हर एकजूट झाला की काय होतं तेही आपण बघितलंय. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा लिहिली, तेव्हा १ जानेवारी २०२४ ला गाड्या थांबल्या. दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, पण ते कलम सरकारनं बाजूला ठेवलं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता वही उघडतो. यातले आकडे आम्ही दोघांनी समजायला धरलेत. तुमच्या गाडीचे तुमचे टाका, पण एकही रकाना गाळू नका.

जुनी दहाचाकी घ्यायची. स्वतःचे चार लाख भरायचे, बारा लाखाचं कर्ज, चार वर्षं. फायनान्सवाला गोड बोलतो : ‘फक्त नऊ टक्के.’ आपला भाऊ खूश. अरे, पण नऊ टक्के कशावर? तो फ्लॅट व्याज लावतो. म्हणजे चौथ्या वर्षी तुझं मुद्दल जवळजवळ फिटलेलं असतं तरी व्याज पूर्ण बारा लाखावर चालू. बारा लाखाचे नऊ टक्के एक लाख आठ हजार, चार वर्षांचे चार लाख बत्तीस हजार. हप्ता बसला महिना चौतीस हजार. हाच हप्ता बँकेच्या घटत्या बाकीच्या पद्धतीनं मोजला तर व्याज सोळा टक्के पडतं. नऊ म्हणून विकलं ते सोळा आहे. मॅट्रिकच्या गणितात हे शिकवत नाहीत.

आता एक फेरी. जायला सहाशे किलोमीटर, यायला सहाशे. लिटरला चार किलोमीटर धरले तर तीनशे लिटर डिझेल. नव्वदच्या भावानं सत्तावीस हजार. टोल पाच हजार. वाराई, हमाली, दलालाचं कमिशन, जेवण मिळून पाच हजार. खर्च झाला सदतीस. जाताना भाडं बत्तीस हजार, येताना वीस. आले बावन्न. एका फेरीत उरले पंधरा. महिन्यात चार फेऱ्या केल्या तर साठ हजार. त्यातून चौतीस हप्ता गेला. राहिले सव्वीस.

इथपर्यंत सगळे हिशोब करतात. इथंच थांबतात. पुढचं पान कुणी उघडत नाही. दहा टायर, एकेक वीस हजाराचा, वीस महिने चालला तर महिन्याला दहा हजार टायरच खातात. विमा, टॅक्स, परमिट, पासिंग मिळून महिन्याला आठ हजार बाजूला काढावे लागतात. एकट्या थर्ड पार्टी विम्याचा सरकारी दर २०२२ ला २० ते ४० टनाच्या मालगाडीला वर्षाला ४३,९५० रुपये ठरला. नॅशनल परमिटची वर्षाची फी १६,५००. पाटे, क्लच, ऑइल, ग्रीस, सहा हजार. झाले चोवीस. सव्वीसातून चोवीस गेले. राहिले दोन हजार.

दोन हजार रुपये! आणि ड्रायव्हर कोण? तूच. तुझा पगार कुठाय? कंपनीकडं असताना महिन्याला जो पगार घरी यायचा, तो आता तूच तुला द्यायचा आहेस आणि तुझ्याकडं तो नाही. एका फेरीत परतीचं भाडं मिळालं नाही, गाडी रिकामी आली, तर वीस हजाराचा खड्डा. तो महिना संपला. हप्ता मात्र संपत नाही. मुकादमाची उचल हंगाम संपला की फिटते तरी, ही उचल चार वर्षं बोडक्यावर बसते.

पण गड्यांनो, याच वहीत दुसरी गोष्ट लपलेली आहे. चारच्या जागी पाच फेऱ्या झाल्या तर? पंधरा हजार वर आले. दोनाचे सतरा झाले. म्हणजे माणूस जगायला लागला. ड्रायव्हर तोच, गाडी तीच, रस्ता तोच. एका फेरीनं फरक पडला. मग ती पाचवी फेरी कुणाच्या हातात आहे? डिझेल जास्त जाळून ती निघत नाही. ती निघते थांबायचे दिवस कमी झाले तर. आणि गाडी थांबवतो कोण? गोदामवाला थांबवतो, दलाल थांबवतो, गेट थांबवतं, कारखान्याचा कारकून थांबवतो. माल भरायला दोन दिवस, उतरायला दोन दिवस. थांबल्याचे पैसे मोठ्या ट्रान्सपोर्टला करारात मिळतात, एका गाडीवाल्याला मिळते शिवी.

म्हणून मी म्हणतो, आरसी बुकावर नाव लागलं म्हणजे मालकी आली असं समजू नका. त्याच आरसीवर खाली फायनान्स कंपनीचं नाव असतं. भाडं ज्याच्या हातात, थांबायचा वेळ ज्याच्या हातात, तो धंद्याचा मालक. तू फक्त जोखमीचा मालक.

बाबासाहेबांनी १९१८ ला भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. त्या वेळी मोठमोठे पंडित म्हणत होते, शेताचे तुकडे झाले म्हणून शेतकरी बुडाला, तुकडे जोडा. बाबासाहेबांनी विचारलं, शेत लहान का मोठं हे नुसत्या मापावरून कसं ठरवता? त्या शेताला लावायला भांडवल किती आहे, अवजारं किती आहेत, हात किती आहेत, त्यावरून ठरतं. भांडवल नसेल तर मोठं शेतही तोट्याचं. शंभर वर्षं होऊन गेली. हे जमिनीवर लिहिलेलं आपल्या ट्रकवर लावून बघा. सगळे पैसे गाडीत घातले आणि डिझेलला, टायरला, दोन महिन्यांच्या हप्त्याला हातात काही ठेवलं नाही, तर ती दहाचाकी तोट्याचं शेत आहे.

वरून सरकार आणि बाजार काय करतील ते वेगळंच. ऑक्टोबर २०१४ ला डिझेलचा भाव सरकारी बंधनातून सुटला. डिझेल वाढलं की मोठ्या कंपनीचं भाडं करारानं वाढतं, तुझं वाढत नाही. जुलै २०१८ ला एका आदेशानं गाड्यांची भार वाहायची मर्यादा २० ते २५ टक्क्यांनी वाढली. नवी एकही गाडी रस्त्यावर न येता देशातली माल वाहायची ताकद वाढली, आणि माल तेवढाच होता. भाव कुणाचा पडला? २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. घेणाऱ्याला बरं झालं. पण त्याच्या आदल्या महिन्यात ज्यानं जुनी गाडी वाढीव भावानं घेतली त्यानं काय करायचं?

आणि आपली एक वेगळी जोखीम आहे. ती कुठल्या फायनान्सच्या अर्जात नसते. भावाच्या कंपनीच्या गाडीवर त्यानं काचेच्या वर निळ्या अक्षरांत जयभीम लिहिलं होतं. एका बाजारगावात दलालानं त्याचा नंबर आला तरी मागच्या तीन गाड्या भरून दिल्या. चौथ्या दिवशी म्हणाला, ‘काच साफ करून ये, मग बघू.’ कंपनीची गाडी होती, चार दिवसांचा तोटा कंपनीचा गेला. स्वतःची असती तर? हप्ता जात बघून थांबत नाही, पण भाडं जात बघून थांबतं. भावानं काच साफ केली नाही. पण दर वेळी ताठ राहायला खिशात चार दिवसांचे पैसे लागतात, दोस्तांनो. स्वाभिमानालाही खेळतं भांडवल लागतं.

जुनी माणसं इथं बसलीत, त्यांना १९७८ आठवत असेल. विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि नांदेड-परभणीकडं आपल्या वस्त्या पेटल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. ज्याचं जे होतं ते जळालं. मी भीती घालत नाही, हिशोब सांगतो. नुसता थर्ड पार्टी विमा काढला तर तुमची गाडी जळली, चोरी गेली, दंगलीत फुटली, एक पैसा मिळत नाही. पूर्ण विमा काढा. आणि कंपनीचा ड्रायव्हर कामावर मेला तर भरपाई मालकावर बसते, हे १९२३ पासून कायद्यात आहे. तू मालक-ड्रायव्हर झालास की तुझ्या मरणाचा मालकही तूच. २०१८ पासून मालक-ड्रायव्हरचा १५ लाखाचा अपघात विमा आहे. साडेसातशे-हजार वाचवायला तो सोडू नका. घरच्यांच्या नावानं काढून ठेवा.

मग करायचं काय? नुसतं रडगाणं गायला मी मुंबईहून आलो नाही. आम्ही वहीत पायऱ्या लिहिल्या, त्या सांगतो.

पहिली, लायसन. वाहतुकीच्या गाडीला वीस वर्षं पूर्ण लागतात आणि आधी हलक्या गाडीचं लायसन वर्षभर जुनं लागतं. आठवी पासची अट २०१९ ला गेली, म्हणून कुणी एजंट शाळेच्या दाखल्याचे पैसे मागितले तर देऊ नका. नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी हलक्या लायसनवर चालते. म्हणजे सुरुवात छोट्या पिकअपवरही होते. लोह्याचा, कंधारचा माल नांदेडला नेला, रात्री घरी आलो. त्यात मोठेपणा नाही, पण हप्ता लहान असतो आणि चूकही लहान पडते.

दुसरी, वही. कंपनीची गाडी चालवतानाच मालकाचा धंदा शिकून घ्या, फुकट शाळा आहे. दोन वर्षं प्रत्येक फेरी लिहा. किती लिटर, किती किलोमीटर, किती टोल, कुठं किती तास थांबलो, बिल्टीवर भाडं किती, बॅलन्स किती दिवसांनी आला. बॅलन्सचा रकाना मोठा करा. पोच देऊनही महिना-महिना पैसे येत नाहीत, आणि पंपवाला उधार देत नाही.

तिसरी, भाडं आधी, गाडी नंतर. कोण देणार जाताना, कोण देणार येताना? इकडं सोयाबीनचा हंगाम दिवाळीच्या आगंमागं, उसाचा हिवाळ्यात. पावसाळ्यात काय भरणार? बारा महिन्यांचे बारा रकाने भरल्याशिवाय टोकन देऊ नका.

चौथी, गाडी बघणं. बारा वर्षांच्या वरच्या साध्या ट्रकला नॅशनल परमिट नाही, दहाचाकीसारख्या जास्त ॲक्सलच्या गाडीला पंधरा. नऊ वर्षांची गाडी घेऊन चार वर्षांचं कर्ज काढताना हे मोजा. आठ वर्षांनंतर पासिंग दर वर्षी. जुने चालान, थकलेला टॅक्स, आधीच्या कर्जाची एनओसी बघा. मिस्त्री आपला न्या, विकणाऱ्याचा नको.

पाचवी, पैसा. आपल्या नावाच्या योजना आहेत. महात्मा फुले महामंडळ १९७८ पासून आहे, बँकेच्या कर्जाला जोड म्हणून बीजभांडवल देतं. २०१६ ला स्टँड-अप इंडिया आली, प्रत्येक बँक शाखेनं एका दलित वा आदिवासीला आणि एका बाईला दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज द्यावं असं ठरलं. आपल्या शाखेनं कुणाला दिलं? माहितीचा अर्ज टाकून विचारा. हे मागणं भीक नाही. आणि हप्ता थकला म्हणून गुंड पाठवून गाडी उचलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ ला प्रकाश कौर खटल्यात सांगितलंय. रस्त्यात कुणी चावी मागितली तर आदेश मागा, पोलीस ठाण्यात चला म्हणा. आणि जमीन विकून डाउन पेमेंट करू नका. दीड एकरावर घसारा लागत नाही, टायरही बदलावे लागत नाहीत. हातात चार लाख असतील तर दोनच गाडीत घाला, दोन राखून ठेवा. चार लाख भरल्याशिवाय येत नाही ती गाडी अजून आपली नाही, लहान बघा.

सहावी पायरी माझ्या धंद्यातून सांगतो. गोदीत एके काळी टोळीवाला पहाटे गेटावर माणसं मोजून घ्यायचा. ज्याच्यावर त्याची मर्जी त्याला काम, बाकीचे उपाशी. १९४८ ला गोदी कामगारांचा कायदा झाला. मग मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं, नोंदणी झाली, पाळी आली. जहाज नसलं तरी हजेरीचे पैसे मिळायला लागले. म्हणजे थांबायची किंमत मालकाला द्यावी लागली. १९९४ ला ते बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये गेलं आणि आता आमच्यासारखी ठेक्याची पोरं पुन्हा गेटावर उभी आहेत. एका गाडीचा मालक म्हणजे असाच गेटावर उभा असलेला बदली कामगार. फरक एवढाच की त्याच्या डोक्यावर बारा लाख आहेत.

म्हणून एकेकट्यानं जाऊ नका. हिमाचलात बरमाणा आणि दाडलाघाटला सिमेंटचे कारखाने आहेत. डिसेंबर २०२२ ला कंपनीनं, ट्रकचं भाडं परवडत नाही म्हणून, दोन्ही कारखान्यांना कुलूप लावलं. तिथले ट्रकवाले संस्था करून बसलेले होते. ६७ दिवस गाड्या उभ्या राहिल्या, पण कुणी एकटा जाऊन कमी भावात भरला नाही. फेब्रुवारी २०२३ ला तोडगा निघाला : टनाला किलोमीटरमागं १० रुपये ३० पैसे, मोठ्या गाड्यांना ९ रुपये ३० पैसे. भाव थोडा उतरला, हे खरं. पण कंपनीला टेबलावर बसून बोलावं लागलं. आपल्याकडं दलाल फोनवर भाव सांगतो आणि आपण ‘बरं साहेब’ म्हणतो.

सहकारी संस्था नोंदवायला दहा वेगवेगळ्या घरांतली दहा माणसं लागतात. या खोलीत चाळीस बसलेत. दहा गाड्या लगेच घेऊ नका. आधी दहा वह्या एकत्र ठेवा. कोणता गोदामवाला किती थांबवतो, कोणता दलाल बॅलन्स बुडवतो, परतीचा माल कुठं मिळतो, सगळं एका जागी लिहा. मग दहांनी मिळून दोन गाड्या घ्या, पाळीनं चालवा, हप्ता वाटून घ्या. एक आजारी पडला तर दुसरा स्टिअरिंग धरील. आणि संस्था झाली की तिच्या गाडीवर जो ड्रायव्हर ठेवाल त्याला आठ तास आणि वेळेवर पगार द्या. नाहीतर आपण मालक झालो आणि आपल्यातलाच एक पोरगा तसाच भत्त्यावर उपाशी झोपला, तर गाडीच्या काचेवर जयभीम लिहायचा हक्क आपल्याला राहणार नाही.

वही इथं ठेवून जातो. तिची कोरी पानं अजून पुष्कळ आहेत. ज्यांना नाव लिहायचंय त्यांनी पुढं या. कविता त्यानंतर.

जयभीम.